ट्रॅक्टरने ओढायचं कम्बाइन मागे का पडलं?

व्हायवाला एक प्रश्न हमखास येतो, "हे मशीन जुनं का झालं?" आणि आपलं उत्तरही ठरलेलं असतं, "सर, त्याची एफिशियन्सी कमी होती." पण प्रत्येक वेळी असं असतं का? आज अशा एका मशीनची ओळख करून घेऊ, ज्याचं गणित बरोबर होतं आणि तरीही ते शेतातून गेलं.

कम्बाइन म्हणजे काय?

धान्य काढायची तीन कामं असतात : कापणी, मळणी आणि उफणणी. ही तिन्ही चालता चालता करतं ते कम्बाइन. आपल्याकडे त्याला सरळ हार्वेस्टर म्हणतात. अमेरिकेत हायरम मूर आणि जॉन हॅस्कॉल यांनी १८३६ मध्ये अशा मशीनचं पेटंट घेतलं. ते घोडे ओढायचे आणि आतले सगळे भाग जमिनीवर फिरणाऱ्या चाकावरून चालायचे. म्हणजे घोडे थांबले की मळणीही बंद! पुढे घोड्यांच्या जागी ट्रॅक्टर आला आणि मोठ्या मशीनवर मळणीसाठी वेगळं इंजिन बसलं.

छोट्या शेतकऱ्याचं मशीन

खरा बदल झाला तो पीटीओ शाफ्टमुळे. ट्रॅक्टरच्या मागे फिरणाऱ्या या शाफ्टवरून कम्बाइनला पॉवर देता येऊ लागली, वेगळ्या इंजिनची गरज उरली नाही. १९३५ मध्ये अ‍ॅलिस-चाल्मर्स कंपनीने 'ऑल-क्रॉप' हे छोटं कम्बाइन बाजारात आणलं. त्याची कापणीची रुंदी फक्त ५ फूट. साधा ट्रॅक्टर ते ओढायचा आणि चालवायचाही. गहू, ओट, सोयाबीन, गवताचं बी, सगळं त्यातून निघायचं.

याचं महत्त्व काय? त्याआधी छोटा शेतकरी बाइंडरने पेंढ्या बांधायचा आणि मळणी यंत्राची टोळी आपल्या शेतावर कधी येते याची वाट बघायचा. तोवर पाऊस आला तर धान्य भिजलं! आता मशीन त्याच्या स्वतःच्या मालकीचं झालं. वर्षातून काही आठवडे लागणाऱ्या मशीनसाठी वेगळं इंजिन का घ्यायचं, ट्रॅक्टर तर घरात आहेच. हे लॉजिक आजही चुकीचं नाही.

मग हरलं कुठे?

पहिली अडचण शेतात शिरतानाच. कटर ट्रॅक्टरच्या बाजूला असायचा आणि ट्रॅक्टर आधी कापलेल्या पट्ट्यावरून जायचा. पण पहिल्या फेरीत कापलेला पट्टा येणार कुठून? म्हणजे उभ्या पिकातूनच जावं लागायचं. हिशोब करून बघा. ट्रॅक्टरची वाट २ मीटर रुंद धरली, तर १०० मीटर बाजूच्या चौकोनी शेतात (१ हेक्टर) साधारण ८०० चौरस मीटर पीक तुडवलं जातं, म्हणजे ८ टक्के. बाजू ४०० मीटर असेल तर फक्त २ टक्के. तो पट्टा नंतर उलट फेरीने कापता यायचा, पण खाली पडलेली कणसं सगळी थोडीच हाती लागतात? म्हणजे मशीन छोट्या शेतकऱ्यासाठी, आणि जास्त फटका छोट्या शेतालाच.

दुसरी अडचण क्लचची. पीक दाट लागलं की गाडीचा वेग कमी करायचा असतो, पण मळणीचा सिलिंडर त्याच आरपीएमवर फिरत राहिला पाहिजे. जुन्या ट्रॅक्टरमध्ये गिअर बदलायला क्लच दाबला की पीटीओही थांबायचा आणि मशीन चोक व्हायचं. पुढे स्वतंत्र क्लचचा 'लाइव्ह पीटीओ' आला आणि हा त्रास कमी झाला, पण तोपर्यंत स्पर्धक मैदानात उतरला होता.

तिसरी गोष्ट टॉर्कची. ५४० आरपीएमवर २० किलोवॅट द्यायचे तर शाफ्टवर साधारण ३५४ न्यूटन-मीटर टॉर्क येतो. १०० किलोवॅट झाले की तोच १७६८! म्हणून १९५० च्या दशकाच्या शेवटी १००० आरपीएमचं स्टँडर्ड आलं. पण मशीन मोठं होत गेलं तसा ट्रॅक्टरही मोठा लागू लागला, आणि 'ट्रॅक्टर घरात आहेच' हा मुद्दा लंगडा पडला. शिवाय कापणी चालू असताना ट्रॅक्टर अडकलेला, मग धान्याची ट्रॉली कोण ओढणार?

स्पर्धक कोण?

कॅनडाच्या मॅसी-हॅरिस कंपनीने टॉम कॅरोल या ऑस्ट्रेलियन इंजिनिअरच्या डिझाइनवर स्वतः चालणारं कम्बाइन बनवलं. त्यात कटर पुढे, ड्रायव्हर वर, इंजिन त्याचं स्वतःचं. विचार केला तर मोठ्या ओढायच्या मशीनवर इंजिन आधीच चढलं होतं, फक्त त्याने चाकंही फिरवायची बाकी होती! १९४४ मध्ये, महायुद्धात पोलाद आणि माणसं दोन्ही कमी असताना, अशी ५०० जादा मशीन बनवायची परवानगी कंपनीने मिळवली. 'हार्वेस्ट ब्रिगेड' नावाने ती दक्षिणेकडून उत्तरेकडे कापणी करत गेली आणि १० लाख एकरांहून जास्त पीक काढलं. पुढे १९५४ मध्ये जॉन डियरने कम्बाइनच्या पुढे लावायचा मक्याचा हेड आणला. एकच मशीन गहू आणि मका दोन्ही काढू लागलं. १९६० च्या दशकात अमेरिकेत ओढायची मशीन मागे पडली.

कॅनडात मात्र टिकलं

कॅनडाच्या प्रेअरी भागात ती विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत बनत आणि विकली जात होती. कारण तिथली पद्धत. पीक आधी वेगळ्या मशीनने कापून ओळीत वाळत ठेवायचं आणि मग कम्बाइनने उचलायचं. उभं पीकच नाही, तर तुडवायचा प्रश्नही नाही. शिवाय पेरणीसाठी घेतलेले मोठे ट्रॅक्टर कापणीच्या वेळी रिकामे असायचे. मशीनचा प्रकार तोच, शेती वेगळी, म्हणून निकालही वेगळा.

आपल्यासाठी काय?

आपल्याकडे हीच कल्पना वेगळ्या रूपात आहे. पंजाबमध्ये ट्रॅक्टरवर चढवलेलं कम्बाइन बनतं. इंजिन ट्रॅक्टरचंच, पण कटर पुढे, आणि हंगाम संपला की ट्रॅक्टर मोकळा. म्हणजे इंजिन वाटून घ्यायची आयडिया मेली नाही, तिने जागा बदलली.

पण एक गोष्ट विसरू नका. स्वतः चालणारं मशीन मोठं आणि महाग होत गेलं, आणि छोटा शेतकरी पुन्हा वाट बघणारा झाला. गव्हाच्या, सोयाबीनच्या हंगामात पंजाबहून येणाऱ्या हार्वेस्टरसाठी नंबर लावणारा आपल्याकडचा शेतकरी हेच करतो. १९३५ मध्ये ५ फुटी मशीनने सोडवलेला प्रश्न अजून तिथेच आहे. फायनल इयरला प्रोजेक्टचा विषय शोधत असाल, तर हा घ्या. फक्त एफिशियन्सी काढून थांबू नका. शेत किती मोठं, पीक कोणतं, आणि कापणीच्या दिवशी ट्रॅक्टर कुठे असेल, हे आधी विचारा.