स्वतःच्या सर्व्हरवर दुकानाचे संकेतस्थळ : वर्डप्रेस कसे बसवावे?

मिरजेच्या सतारी व तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. समजा, तेथील एखाद्या कारागिराने आपल्या वाद्यांची छायाचित्रे, किंमती आणि मागणीचा अर्ज संकेतस्थळावर ठेवायचे ठरविले. बहुधा हे काम ओळखीच्या एखाद्या मुलाकडे सोपविले जाते. तो संकेतस्थळाचा पत्ता आपल्या नावावर घेतो, पासवर्ड आपल्याजवळ ठेवतो आणि पुढे नोकरीनिमित्त दूर जातो. पत्त्याची मुदत संपते, संकेतस्थळ बंद पडते आणि गिऱ्हाइकांच्या नोंदीही हातच्या जातात. गाळा दुसऱ्याच्या नावावर घेऊन त्यात आपले भांडवल घालावे, तसाच हा प्रकार होय. म्हणून व्यापारी व कारागीर बंधूंनी हे काम स्वतः शिकून घ्यावे. निदान दुसरा काय करतो आहे एवढे तरी समजून घ्यावे.

या कामासाठी वर्डप्रेस ही प्रणाली सोयीची आहे. मॅट मलेनवेग आणि माइक लिटल यांनी २००३ साली ती सुरू केली. ती मुक्त परवान्याखाली मिळते, म्हणून तिचे मोल द्यावे लागत नाही. खर्च येतो तो पत्त्याचा, म्हणजे डोमेनचा, आणि सर्व्हरच्या भाड्याचा.

गाळा आणि त्यातील माणसे

सर्व्हर म्हणजे भाड्याचा गाळा. त्यात तीन माणसे कामाला लागतात. अपाची हा दारावरचा माणूस. आलेल्याची मागणी तो ऐकतो. पीएचपी हा आतला कारागीर. मागणीप्रमाणे तो पान तयार करतो. मारियाडीबी हा मुनीम; माल, किंमती व मागण्या यांची वही त्याच्याकडे असते. या तिघांची गाठ नीट पडली की वर्डप्रेस चालते. बिघाड झाला, तर तो बहुधा या तिघांपैकी कोणाच्या तरी दाराशीच सापडतो.

पहिले काम : मालकी आणि कुलूप

डोमेन स्वतःच्या नावाने, स्वतःच्या ईमेलवर व स्वतःच्या पैशाने घ्यावे. लहान दुकानाला एक ते दोन जीबी मेमरीचा सर्व्हर पुरतो. त्यावर उबुंटू २४.०४ ही प्रणाली घ्यावी. २०२४ साली निघालेल्या या आवृत्तीला पाच वर्षे सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात. नंतर डोमेनच्या डीएनएस नोंदीत 'ए' प्रकारची नोंद करून सर्व्हरचा आयपी क्रमांक लिहावा. तीन डब्ल्यूंचे नावही वापरायचे असेल, तर त्याचीही नोंद करावी.

सर्व्हरवर एसएसएचने प्रवेश करून आधी सर्व दुरुस्त्या बसवाव्यात. रोजच्या कामासाठी वेगळा वापरकर्ता करावा आणि पासवर्डाऐवजी किल्लीची फाइल वापरावी. त्या किल्लीने प्रवेश होतो याची खात्री झाल्यावरच 'रूट'चा थेट प्रवेश बंद करावा. फायरवॉलमध्ये २२, ८० आणि ४४३ ही तीनच दारे उघडी ठेवावीत. येथे क्रम चुकवू नये. २२ क्रमांकाला परवानगी देण्यापूर्वीच फायरवॉल सुरू केली, तर मालकच बाहेर आणि कुलूप आत, अशी गत होते.

दुसरे काम : वही आणि प्रमाणपत्र

आता अपाची, मारियाडीबी व पीएचपी बसवावेत. उबुंटूच्या या आवृत्तीबरोबर पीएचपी ८.३ मिळते. त्याला मुनिमाशी बोलणारे, चित्रांचे आकार बदलणारे व बहुभाषी अक्षरे हाताळणारे जोडभागही घ्यावेत.

मारियाडीबीत वर्डप्रेससाठी एक स्वतंत्र वही उघडावी. तिची अक्षरपद्धती 'यूटीएफ८एमबी४' ठेवावी, म्हणजे मराठी मजकूर व छोटी चिन्हेही नीट उतरतात. तिच्यासाठी वेगळा वापरकर्ता करून त्याला त्या एकाच वहीचा अधिकार द्यावा. एका पोराच्या हाती सगळ्या दुकानाच्या किल्ल्या कोणी देत नाही. येथेही तेच धोरण ठेवावे.

नंतर अपाचीत आपल्या डोमेनची व्हर्च्युअल होस्ट नोंद करावी : हे नाव आले की या फोल्डरमधून उत्तर द्यावे, असा तिचा अर्थ. 'रीराइट' हा जोडभाग चालू करावा आणि त्या फोल्डरपुरती 'अलाउ ओव्हरराइड'ची परवानगी द्यावी, नाहीतर पानांचे सुटसुटीत पत्ते चालत नाहीत. अपाचीकडून नोंद तपासून घ्यावी व मगच ती लागू करावी.

फोल्डर रिकामे असतानाच लेट्स एन्क्रिप्ट या ना-नफा संस्थेचे विनामूल्य प्रमाणपत्र सर्टबॉटमार्फत घ्यावे. त्यासाठी डोमेन सर्व्हरकडे वळलेले व ८० क्रमांकाचे दार उघडे असावे लागते. प्रमाणपत्राची मुदत थोडी असते. म्हणून आपोआप नूतनीकरणाची चाचणी तेव्हाच करून पाहावी.

तिसरे काम : वर्डप्रेस मांडणे

वर्डप्रेसची फाइल तिच्या मूळ ठिकाणाहूनच उतरवावी. फोल्डरांना ७५५ आणि फाइलींना ६४४ अशी परवानगी द्यावी. 'डब्ल्यूपी-कॉन्फिग' या फाइलीत वहीचे नाव, वापरकर्ता, पासवर्ड आणि आठ गुप्त किल्ल्या भराव्यात. तिला ६४० पुरे, मात्र ती अपाचीला वाचता आली पाहिजे. काही अडले की सरसकट ७७७ देण्याची खोड अनेकांना असते. ती म्हणजे दुकान उघडे टाकून जेवायला जाणे होय.

आता विलंब न लावता ब्राउझरमधून मांडणी पूर्ण करावी. वर्डप्रेसची ही पहिली पाने अर्धवट सोडली, तर जो आधी पोहोचेल तो मालक होऊन बसू शकतो. प्रमाणपत्र अगोदर घेण्याचे कारणही हेच, की पासवर्ड उघड्यावरून जाऊ नये. मालकाचे नाव 'अ‍ॅडमिन' ठेवू नये. मराठी भाषा यादीत मिळते.

अडचणी आणि उपाय

मोठी छायाचित्रे चढत नसतील, तर पीएचपीची मूळ मर्यादा प्रत्येक फाइलीला २ एमबी आहे, हे लक्षात घ्यावे. ती वाढवून अपाची पुन्हा सुरू करावे. वहीशी संपर्क होत नाही असा संदेश आला, तर कॉन्फिग फाइलीतील नाव व पासवर्ड तपासावेत आणि मारियाडीबी चालू आहे का ते पाहावे. ४०३ दिसल्यास परवानग्या पाहाव्यात. ५०० दिसल्यास तर्क करीत बसण्यापेक्षा अपाचीची त्रुटी-नोंदवही वाचावी. कारण बहुधा तेथेच लिहिलेले असते.

महागड्या जोडभागांच्या चोरट्या प्रती फुकट मिळतात, त्यांना हात लावू नये. ते दुसऱ्याच्या मेहनतीवर डल्ला मारणे आहेच. शिवाय त्यांत लपविलेल्या चोरवाटेने आपल्याच गिऱ्हाइकांची माहिती बाहेर जाऊ शकते. गिऱ्हाइकाचे नाव, पत्ता व फोन ही आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे. कार्डाचे क्रमांक तर आपल्या सर्व्हरवर साठवूच नयेत. ते काम पेमेंट गेटवेकडे असावे.

शेवटी, रोज वहीची एक प्रत काढावी. चित्रे व जोडभाग असलेले 'डब्ल्यूपी-कंटेंट' फोल्डर आणि कॉन्फिग फाइल यांचीही प्रत घ्यावी. या प्रती त्याच सर्व्हरवर ठेवल्या, तर सर्व्हरबरोबर त्याही जातील. म्हणून एक प्रत घरी किंवा दुसऱ्या ठिकाणी असावी. महिन्यातून एकदा ती प्रत दुसरीकडे उभी करून पाहावी. जी प्रत कधी उघडून पाहिली नाही, तिच्यावर भरवसा ठेवू नये.

डोमेन, सर्व्हर आणि वही यांचे पासवर्ड एका कागदावर लिहून तो दुकानाच्या दस्तऐवजांबरोबर कुलुपात ठेवावा. सहायक नेमला तरी त्याला वेगळे खाते द्यावे. तो गेला, की त्याचे खाते बंद होईल. दुकान मात्र चालू राहील.