चित्रपटसंगीतातील समूहस्वर

शाळेच्या प्रार्थनेत सर्व मुले एकच चाल एकाच स्वरात म्हणतात. दिंडीतले वारकरीही तसेच गातात. ख्रिस्तमंदिरातील गायकवृंदाची रीत मात्र निराळी आहे. तेथे स्त्रियांचे उंच व खालचे, आणि पुरुषांचे उंच व खालचे असे आवाजांचे चार विभाग केलेले असतात. हे चारही विभाग एकाच वेळी वेगवेगळे स्वर गातात, आणि ते परस्परांशी जुळले म्हणजे एक भरीव नाद उत्पन्न होतो. भव्य चित्रपटांत, व विशेषेकरून त्यांच्या ट्रेलरांत, जो नाद ऐकून अंगावर काटा उभा राहतो त्याचे मूळ या चतुर्विध गायनात आहे.

अशा संगीताची घडण लक्षपूर्वक पाहण्यासारखी असते. प्रथम खर्जातील तंतुवाद्यांचा एक लांब स्वर येतो. त्यावर व्हायोलिने एक लहानशी स्वरावली पुनःपुन्हा वाजवू लागतात. मग मोठी चर्मवाद्ये व पितळी वाद्ये त्यांस येऊन मिळतात. नाद वाढत वाढत शिगेस पोहोचतो आणि अकस्मात सर्व काही थांबते. हा निःशब्द क्षणच आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो, कारण त्यानंतर उठणारा समूहस्वर त्याच्याच जोरावर थोर भासतो. या गायनातील शब्द बहुधा लॅटिन किंवा निरर्थक असतात. अर्थ कळला असता तर श्रोत्याचे चित्त त्याकडे ओढले जाऊन चित्राकडे दुर्लक्ष झाले असते.

या धाटणीचा आदर्श म्हणजे कार्ल ऑर्फ या जर्मन रचनाकाराची ‘कार्मिना बुराना’ ही कृती. बव्हेरियातील एका मठात १८०३ साली सापडलेल्या हस्तलिखितातील जुन्या कविता त्याने वाद्यवृंद व गायकवृंद यांसाठी स्वरबद्ध केल्या. तिचा पहिला प्रयोग ८ जून १९३७ रोजी फ्रँकफुर्ट येथे झाला. तिचे आरंभीचे समूहगान १९८१ च्या ‘एक्सकॅलिबर’ या चित्रपटात योजिले गेले, आणि पुढे त्याचे अनुकरण सर्वत्र झाले.

योगायोग असा की, त्याच १९३७ साली आपल्याकडे ‘कुंकू’ हा बोलपट निघाला. तो काढणारी ‘प्रभात’ कंपनी १९२९ मध्ये ईश्वरपूरच्या (तेव्हाच्या इस्लामपूरच्या) शेजारच्या कोल्हापुरात जन्मली व १९३३ मध्ये पुण्यास गेली. शांतारामबापूंनी या बोलपटातून पार्श्वसंगीत अजिबात वगळले आणि केवळ स्वाभाविक आवाजांवर काम भागविले. वाद्यांचा गजर करणे सोपे. कोठे गप्प राहावे हे कळणे कठीण!

मोठ्या वाद्यवृंदास आणखी एक गोष्ट अवश्य असते, ती म्हणजे स्वरलेखन. वरातीचा बँड एकच चाल मिळून वाजवितो. ती पाठ असली की पुरे. परंतु साठ वादकांनी निरनिराळे स्वर वाजवावयाचे तर प्रत्येकापुढे स्वतंत्र कागद पाहिजे. ही विद्या मुंबईच्या चित्रपटसृष्टीस मुख्यत्वे गोव्याने दिली. पोर्तुगीज अमदानीत तेथील चर्चच्या शाळांतून मुलांना अक्षरांबरोबर स्वरलिपी व व्हायोलिनही शिकवीत.

माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) हे त्याच परंपरेतील. त्यांचे वडील चर्चमधील गायकवृंदाचे शिक्षक होते. मुंबईत अँथनींनी नौशाद यांच्याकडे व्हायोलिन वाजविले. प्यारेलाल व राहुलदेव बर्मन यांना धडे दिले. १९५८ मध्ये त्यांनी ‘इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा’ उभारून रागांवर आधारलेल्या स्वतःच्या रचना सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात सादर केल्या. लता मंगेशकर व मन्ना डे हे त्यांत गायले. १९६५ मध्ये ते अमेरिकेस गेले आणि चित्रपटसृष्टी मागे राहिली. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ मधील गाण्यात त्यांचे नाव प्यारेलाल यांच्यामुळे आले. पण ते गाणे गुणगुणणाऱ्या किती जणांना तो खराखुरा माणूस होता हे ठाऊक असेल? स्वर लिहिणाऱ्यांची व समूहात गाणाऱ्यांची नावे त्या काळी पडद्यावर सहसा येतच नसत.

आता तर ध्वनिमुद्रित आवाज संगणकात साठवून एकटा मनुष्य गायकवृंदाचा भास निर्माण करू शकतो. खर्च वाचतो खरा. पण श्वास घेताना शंभर माणसांत जी सूक्ष्म चुकामूक होते, आणि जिच्यामुळे नाद जिवंत राहतो, ती तेथे क्वचितच आढळते.

विद्यार्थ्यांनी एक प्रयोग करून पाहावा. पुढच्या खेपेस असे संगीत कानी पडले की डोळे मिटून सर्वांत खालचा पुरुषस्वर शोधावा आणि शेवटपर्यंत केवळ त्याच्याच मागे जावे. दुसऱ्यांदा ऐकताना त्याच्या लगतचा वरचा स्वर घ्यावा.