कृत्रिम झावळ्यांचे छप्पर : कोठे घालावे, कोठे घालू नये

भाईंदर भागातील खारीसारख्या खाडीकाठच्या गावी खाऱ्या वाऱ्याने लोखंडी पत्रा लवकर गंजतो, आणि पेंढ्याचे किंवा झावळ्यांचे छप्पर वरचेवर शाकारावे लागते. पॉलिथिलीनच्या पट्ट्यांची कृत्रिम झावळी गंजत नाही व कुजतही नाही; म्हणूनच किनाऱ्यावरील उपाहारगृहांत ती पसंत केली जाते.

परंतु उन्हापासून रक्षण करणारे द्रव्य पट्टीत पुरेसे मिसळलेले नसल्यास ती ठिसूळ होऊन तिचे तुकडे गळू लागतात. वैरणीतून ते जनावराच्या पोटात गेल्यास तेथे गोळा होऊन राहतात, रवंथ मंदावते व प्रसंगी जनावर दगावते. सबब गोठ्यावर हे छप्पर घालूच नये. चुलीवरही नको, पेटल्यास ते वितळते व जळते थेंब खाली पडतात. आगरोधक म्हणून विकलेल्या मालाच्या बाबतीतही ही सावधगिरी सोडू नये.

ओटी किंवा मांडवासाठी ते चालेल. उतार पेंढ्याच्या छपराप्रमाणेच, सुमारे ४५ अंशांचा ठेवावा. खाली जलरोधक थर घालावा. खिळे साधे लोखंडी नसावेत, नाहीतर झावळी टिकेल व खिळाच आधी गंजेल. जुना पेंढा खतखड्ड्यात जातो. या पट्ट्या तेथे टाकू नयेत, जाळूही नयेत.