कांद्याला मिळालेली किरणमात्रा कशी मोजतात?

साठवणुकीत कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणून त्यास ६० ते ९० ग्रे किरणमात्रा देतात. एक किलो मालात एक ज्यूल ऊर्जा शोषली गेली म्हणजे १ ग्रे.

मोजणीसाठी फेरस सल्फेटच्या आम्लयुक्त द्रावणाच्या कुप्या मालाच्या वरच्या, मधल्या व तळच्या थरात ठेवतात. किरणांमुळे फेरसचे फेरिक होते. त्याचे प्रमाण ३०४ नॅनोमीटरला प्रकाशशोषण मोजून काढतात. सर्वांत कमी मात्रेची जागाही ६० ग्रेखाली नसावी, अन्यथा तेथील कांदा कोंब धरतो.

इलेक्ट्रॉन झोत मालात काही सेंटिमीटरच शिरतो. म्हणून लासलगावचे केंद्र (२००२) कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांवर उभारले गेले.

कांदा नीट सुकवून, काढणीनंतर दोन-तीन आठवड्यांत, सुप्तावस्थेतच केंद्रावर न्यावा. उशीर झाल्यास अचूक मात्राही उपयोगी पडत नाही.