पाचवी आज्ञा आणि आमचे आण्णा

जूनच्या तिसऱ्या रविवारी आमच्या मंडळीत उपासना संपली की संडे स्कूलची मुलं बापांना गुलाबाचं फूल देतात. निम्मे बाप लाजतात, उरलेले घड्याळ बघतात, कारण पाळी गाठायची असते. नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या जहागिरीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हापासून इचलकरंजीतल्या बापांचं आयुष्य पाळीवरच चाललंय. आमचे आण्णाही बारा तास मागावर उभे राहणारे. त्यांच्यामुळे आणि त्यांच्याशी भांडून पाचव्या आज्ञेबद्दल मला जे उमगलं, ते लिहितो.

१. मोठ्यानं बोला, पण रागानं नको.

मागांच्या खडखडाटात आण्णांचे कान गेले. गावातल्या पुष्कळ जुन्या कामगारांचं असंच झालंय. अशा माणसाशी ओरडूनच बोलावं लागतं, आणि तिसऱ्यांदा ओरडताना आवाजात चीड कधी मिसळते ते कळत नाही. शब्द ऐकू आले नाहीत तरी समोरच्याच्या कपाळावरची आठी आण्णांना बरोबर दिसते. आईबापाचा मान राखायला पवित्र शास्त्रातली पाचवी आज्ञा सांगते, तो आमच्या घरात आधी या आठीपाशी येऊन अडतो.

२. ‘हो’ म्हणणारा मुलगा आज्ञाधारक असतोच असं नाही.

मत्तयाच्या शुभवर्तमानात दोन मुलांचा दाखला आहे. द्राक्षमळ्यात जायला एक नाही म्हणतो आणि नंतर जातो. दुसरा अदबीनं होकार देतो आणि फिरकत नाही. पहिला आमच्या घरात होता, माझा थोरला भाऊ. कुठलंही काम सांगितलं की आधी वाद घालायचा. रात्री बघावं तर कांड्या भरून टोपलीत तयार.

३. आपली श्रद्धा आपल्यापर्यंत आली, ती कुणीतरी बापाचं ऐकलं नाही म्हणून.

हे व्यासपीठावरून कुणी सांगत नाही. रॉयल वाइल्डर हे मिशनरी १८५२ साली कोल्हापुरात आले. बेळगावात जन्मलेले बाबा पदमनजी १८५४ साली ख्रिस्ती झाले आणि पुढं १८८८ साली त्यांनी ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र लिहिलं. त्या काळात बाप्तिस्मा घेणं म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत बापाचा उंबरा तुटणं. आमच्या पणजोबांचंही तेच झालं. बापानं निक्षून सांगितलं होतं, तरी त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि घर सुटलं. आज आपण ज्या बाकांवर बसून मुलांना ‘वडिलांचं ऐका’ शिकवतो, ते बाक अशा न ऐकणाऱ्यांनी मांडलेत.

मग पाचव्या आज्ञेचं काय? पौलानं इफिसच्या मंडळीला लिहिताना मुलांनी आईबापांच्या आज्ञेत राहावं असं सांगितलं, पण ते प्रभूमध्ये राहून. म्हणजे त्या आज्ञेत राहण्याला हद्द आहे. मान राखण्याला मात्र कुठं हद्द घातलेली मला तरी सापडली नाही. पणजोबांची गोष्ट घरात सांगतात ती अशी: दर सुगीला ते शाळूचं एक पोतं बापाच्या दारात ठेवून यायचे. बाप बोलायचा नाही, तोंडही दाखवायचा नाही; पण ते परत फिरले की पोतं आत जायचं. बापाचा शब्द मोडला होता. त्याचं पोट मात्र पणजोबा विसरले नव्हते.

४. बापाचे दोष झाकू नका, त्यांचा बाजारही मांडू नका.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ यासाठी वाचावीत. वडिलांच्या सोवळ्या-ओवळ्याच्या वेडापायी घरादाराचे किती हाल झाले, ते त्यांनी काही न लपवता सांगितलंय. वाचताना हसू येतं, पण त्या माणसाचा द्वेष वाटत नाही. स्वतःच्या बापाबद्दल असं लिहिता येणं सोपं नाही.

आणि एक. त्याच इफिसकरांच्या पत्रात लगेच पुढं बापांनाही ताकीद आहे, मुलांना चिडीला आणू नका म्हणून. फुलांच्या रविवारी ती ओळ हमखास राहून जाते. आमच्या ओळखीतल्या एका मुलीनं दारुड्या बापाचा आठवड्याचा पगार कारखान्याच्या दिवाणजीकडून स्वतः घ्यायला सुरुवात केली. मंडळीत कुजबुज झाली की पोरीनं बापाची अब्रू घालवली. त्या पैशात घरभाडं भागत होतं, बापाच्या औषधाच्या गोळ्याही येत होत्या. मला विचाराल तर आज्ञा तीच पाळत होती.

५. त्यांचं अर्धं राहिलेलं काम हातात घेता आलं तर घ्यावं.

नारायण वामन टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ लिहायला घेतलं आणि १९१९ साली टिळक गेले तेव्हा ते अपुरंच होतं. पुढचा मोठा भाग त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी लिहिला, शेवट त्यांचे चिरंजीव देवदत्त यांनी केला. वडिलांचं चरित्र लिहायला म्हणून आईकडून आठवणी मागणारेही देवदत्तच, आणि त्यातूनच ‘स्मृतिचित्रे’ उभं राहिलं. टिळक स्वभावानं लहरी, घरातली वस्तू कुणाला देऊन टाकतील याचा नेम नसे. अशा बापाचा संसार सोसलेल्या मुलानं त्यांचं काम तडीला नेलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. आमच्या घरात ग्रंथ नाहीत. आण्णांनी परड्यात अर्धी बांधून सोडलेली भिंत आहे, तीही अजून तशीच.

६. आधी घरचा बाप, मग अर्पणाची पेटी.

देवाला वाहिलं असं म्हणून आईबापाच्या वाट्याचं देणं टाळणाऱ्या परूश्यांना येशूनं चांगलंच सुनावलं होतं. देवळाच्या फरशीसाठी नाव पुकारून देणगी द्यायची आणि घरात बाप सुतळीनं बांधलेल्या चष्म्यातून शास्त्र वाचतोय, असं मी पाहिलंय. अशा घराचं नाव पुकारताना पाळकांनी जरा थांबावं, असं माझं मत.

७. एक दिवस आपल्या वाट्यालाही न ऐकणारा मुलगा येतो.

माझा मुलगा पुण्यात नोकरीला आहे. आमची ‘उपासना संगीता’तली गीतं सोडून तो ड्रम-गिटारच्या मंडळीत जायला लागला. मी फोनवर बरंच बोललो. शास्त्रातल्या ओळी काढल्या, पाचवी आज्ञासुद्धा काढली. शेजारी बसलेल्या आण्णांना काय कळलं कोण जाणे, त्यांनी फोन मागून घेतला आणि मागावर बोलावं तशा आवाजात विचारलं, “देवळात जातोस न्हवं? मग जा की लेका.” नंतर माझ्याकडं वळून म्हणाले, “आपल्या थोरल्या आज्याला तरी कुणी जा म्हटलं होतं?”

पटलंय असं म्हणवत नाही. पुढच्या महिन्यात पुण्याला जायचंय. त्यांची उपासना किती वाजता सुरू होते, ते पोराला विचारून घेतलंय.