भाव आणि चढाई

सातारा

चि. ओंकार,

कबड्डीची आकडेमोड करून सामन्यांवर पैसे लावायचं तुझ्या मनात आहे, असं कळलं. संख्याशास्त्र शिकतोस, सांगलीच्या मैदानांवर वाढलास. खेळ तुला बुकीपेक्षा जास्त कळत असेल, हे मान्य. पण सट्ट्यात तुझी लढत भावाशी असते, आणि त्या भावात बुकीने आपली कमाई आधीच धरलेली असते. दोन्ही संघांना 90 पैसे भाव असेल, तर 100 रुपये लावून जिंकलास की 90 मिळतात, हरलास की 100 जातात. शंभर डावांत पन्नास बरोबर आले तरी 500 रुपये गेलेच. नुसतं फिटंफाट व्हायला शंभरात जवळजवळ 53 अंदाज खरे ठरायला हवेत. मटक्यातही तेच. दहा आकड्यांतून एक लागायचा आणि मिळायचं नऊ पट. जुने चार्ट कितीही चाळ, सरासरी शेकडा 10 रुपये बुडणारच.

तू म्हणशील, माझे दहापैकी सात अंदाज बरोबर आले. नुसतं नाणं उडवलं तरी सात किंवा अधिक बरोबर येण्याचे प्रकार 1024 पैकी 176 आहेत, म्हणजे सहा जणांत साधारण एकाला हे जमतं. बाकीचे पाच गप्प बसतात, म्हणून हा एकच कानावर येतो. तुझी टक्केवारी खरोखर 53 आहे की 50, याची खात्री व्हायला हजारावर डाव लागतील. तोवर घरचे पैसे संपतील. कौशल्याचा खेळ म्हणून सूट मिळेल, ही आशाही सोड. ऑगस्ट 2025च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंद केले आहेत.

हे गणित मैदानावर मात्र फार मोलाचं आहे. समोर तीनच गडी उरले की चढाई सोपी वाटते. पण प्रो कबड्डीच्या नियमांत तिथे पकड झाली तर समोरच्याला 2 गुण. एका गुणासाठी दोन पणाला, म्हणजे तीनपैकी दोन चढाया यशस्वी करणाऱ्यानेच तिथे अंगावर जावं. सात गडी असताना निम्म्या पुरतात. एकच गडी उरला, तर तो बाद होताच मिळणाऱ्या लोणाच्या जादा 2 गुणांमुळे पाचांत दोनही पुरे. पकडला गेलेला चढाईपटू बाहेर बसतो, ते नुकसान यात धरलेलं नाही. ते तू मोज. आपल्या सातारा-सांगलीच्या मंडळांना असा हिशेब मांडून देणारा मुलगा हवाच आहे. येत्या स्पर्धेत वही घेऊन बस, प्रत्येक चढाईला समोर किती गडी होते ते लिही, आणि ती वही आधी प्रशिक्षकांना दाखव.

तुझा,
काका