चिकटलेला क्लच

पेण-रोह्याकडे जुन्या ट्रॅक्टरचा क्लच चिकटतो तो बहुधा पावसाळ्यात. जुलैत चिखलणी उरकली की ट्रॅक्टर पडवीत लागतो आणि कापणीपर्यंत त्याला कोणी हात लावत नाही. मग एक दिवस इंजिन सुरू होते, पण गिअर पडत नाही. या बिघाडावर रोह्याकडचा एक तरुण शेतकरी आणि पेणचा एक जुना मिस्त्री यांच्यात झालेला हा संवाद.

शेतकरी : मिस्त्री, पेडल तर नेहमीसारखं खाली जातंय. मग गिअर टाकताना दाते का खरखरतात?

मिस्त्री : पेडल खाली गेलं म्हणजे क्लच सुटलाच असं नाही. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये क्लच प्लेट स्प्रिंगांनी दाबून धरलेली असते. पेडल दाबलं की रिलीज बेअरिंग फिंगरवर टेकतं, प्रेशर प्लेट मागे सरते आणि मधली प्लेट मोकळी होते. ही प्लेट गंजाने फ्लायव्हीललाच धरून बसली, तर प्रेशर प्लेट सरूनही ती इंजिनाबरोबर फिरत राहते. गिअरबॉक्सचा शाफ्ट थांबत नाही, म्हणून दाते खरखरतात.

शेतकरी : पण आत पाणी जातं कुठून?

मिस्त्री : चिखलणीला केजव्हील लावून ट्रॅक्टर खाचरात उतरला की क्लच हाउसिंगच्या तळापर्यंत चिखलपाणी येतं. हाउसिंगच्या बुडाला पाणी निथळायचं भोक असतं. काही ट्रॅक्टरांत चिखलणीपुरतं तिथे बूच बसवतात आणि नंतर ते काढायचं राहून जातं. काहींचं भोक मातीने बुजतं. आत राहिलेली ओल बाहेर पडत नाही. त्यात आपल्याकडे वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस, आणि खारेपाटात धरमतर खाडीची खारी हवा. फ्लायव्हील बिडाचं असतं, ते लगेच गंजतं, आणि स्प्रिंगांचा दाब प्लेटला त्या गंजावर महिनोन्‌महिने आवळून ठेवतो. तुमच्या रोह्याकडे डोलवहाळ बंधाऱ्याच्या कालव्यावर उन्हाळी भात होतं, तिथे ट्रॅक्टर वर्षात दोनदा चिखलात उतरतो. त्याला जपावंच लागतं.

शेतकरी : प्लेटच चिकटली आहे हे नक्की कसं कळायचं?

मिस्त्री : आधी बाहेरचं बघ. पेडलची मोकळी चाल वाढली असेल तर क्लच पुरता सुटत नाही; तिथे फक्त रॉड जुळवायचा असतो. पेडलच जड येत असेल तर त्याचा शाफ्ट बुशात गंजलाय, त्याला तेल-ग्रीस हवं. हे दोन्ही ठीक असेल तर इंजिन बंद ठेवून गिअर टाक, पेडल पूर्ण दाब आणि ट्रॅक्टर ढकलून बघ. ढिम्म हलला नाही, तर प्लेट धरलेली आहे. फ्लायव्हीलमधलं पायलट बेअरिंग जाम झालं तरी लक्षण असंच दिसतं, पण ते बाहेरून कळत नाही.

शेतकरी : मग सोडवायची कशी? सगळे म्हणतात, आत डिझेल ओत.

मिस्त्री : ते अजिबात करू नकोस. लायनिंगला डिझेल किंवा तेल लागलं की क्लच सुटेल, पण पुढे ओझ्याला घसरत राहील आणि चांगली प्लेट फुकट जाईल. चिकटलेली प्लेट बहुतेक वेळा खराब झालेली नसते, म्हणून घाई करायची नाही. पेडल पूर्ण दाबून लाकडी ठोकळा अडकव आणि रात्रभर राहू दे. दाब निघाला की कधी कधी प्लेट आपोआप सुटते. नाहीच सुटली, तर दुसऱ्या दिवशी न्यूट्रलमध्ये अर्धा तास इंजिन चालव. हाउसिंग तापतं, ओल सुकते.

शेतकरी : तरीही नाही सुटली तर?

मिस्त्री : मग झटका द्यायचा, पण मोकळ्या सपाट शेतातच. अवजार काढून ठेव, पीटीओ बंद कर. इंजिन बंद करायची दोरी चालते का ते आधी तपास. ऐन वेळी तीच कामाला येते. दोन्ही ब्रेक पेडलं पट्टीने एकत्र जोड, नाहीतर एकच चाक थांबेल आणि ट्रॅक्टर गर्रकन वळेल. इंजिन बंद असतानाच गिअर टाक, क्लच दाबून धर आणि स्टार्टर मार. काही जुने ट्रॅक्टर गिअरमध्येही सुरू होतात आणि लगेच चालू लागतात, तेव्हा समोर आणि मडगार्डवर कोणी नको. क्लच दाबलेलाच ठेवून रेस कमी-जास्त कर आणि मध्येच ब्रेक दाब.

शेतकरी : पहिला गिअर बरा ना, हळू चालेल?

मिस्त्री : पहिल्यात इंजिन ब्रेकला सहज ओढून नेतं, प्लेटवर ताण येतच नाही. वरच्या गिअरमध्ये ब्रेक लागताच इंजिनाचा सगळा जोर प्लेटवर येतो, पण वेग धोक्याचा होतो. म्हणून मधला गिअर घ्यायचा. प्लेट सुटते तेव्हा ‘टक्क’ आवाज येतो आणि ट्रॅक्टर थांबून इंजिन मोकळं फिरू लागतं. भिंतीला टेकवून किंवा मागून साखळीने झाडाला बांधून हा प्रयोग कधीच करू नये. साखळीने अडकवलेला ट्रॅक्टर पुढून उचलतो आणि चालवणाऱ्यावर उलटतो.

शेतकरी : आणि एवढं करूनही नाही जमलं तर?

मिस्त्री : हाउसिंगला तपासणीचं झाकण असेल तर बॅटरीची वायर काढ, पेडल ठोकळ्याने दाबून ठेव आणि प्लेट व फ्लायव्हीलच्या फटीत पातळ पाते सरकव. इंजिन हाताने थोडं थोडं फिरवत सगळीकडून तसंच करायचं. लायनिंग खरवडायचं नाही, फक्त गंजाची पकड तोडायची. तेही नाही झालं तर ट्रॅक्टर मधून उघडावा लागतो. ते काम गॅरेजवालाच करेल. दोन्ही भागांना भक्कम आधार लागतो. उघडल्यावर पायलट बेअरिंग, रिलीज बेअरिंग, फिंगरची उंची आणि इंजिनाची मागची ऑइल सील एकदमच बघून घ्यावी. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, तेव्हा आतली धूळ हवेने उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची.

शेतकरी : पुढच्या पावसाळ्यात असं होऊ नये म्हणून काय करायचं?

मिस्त्री : चिखलणी संपल्या दिवशी बूच काढायचं, भोकात तार घालून माती मोकळी करायची आणि ट्रॅक्टर तासभर कोरड्यात चालवायचा. मग पेडल दाबून ठोकळा लावून ठेवायचा.

शेतकरी : इतके महिने दाबून ठेवल्याने स्प्रिंगा ढिल्या नाही पडणार?

मिस्त्री : एका हंगामाने काही होत नाही. स्प्रिंगा एरवीही दाबलेल्याच असतात, पेडलने थोड्या अधिक दबतात एवढंच. ठोकळा नको वाटला तर पंधरा दिवसांनी इंजिन चालू करून दहा-बारा वेळा क्लच दाबायचा आणि ट्रॅक्टर अंगणात पुढे-मागे घ्यायचा. ठोकळा लावलास तर स्टिअरिंगला चिंधी बांध. म्हणजे दुसरा कोणी बसला तरी त्याला तो आधी काढायचं कळेल.